लिनक्सचे अपडेट लोकल रेपॉजिटरीतून: वडोदऱ्यातल्या लॅब आणि ऑफिसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या शाळा, कॉम्प्युटर क्लास आणि लहान ऑफिसांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. रेपॉजिटरी म्हणजे पॅकेजं (सॉफ्टवेअरच्या बसवायच्या फाइली) जिथून मिळतात तो साठा. भर उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या वितरणांवर आहे. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं असल्याने बहुतेक उत्तरं त्यालाही लागू पडतात. रॉकी, अल्मा, फेडोरावाल्यांसाठी वेगळं उत्तर पुढे आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून टाइप करायची.

लोकल रेपॉजिटरी कशाला? प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच अपडेट घेतोच की.

घेतो, पण तीच फाइल तितक्याच वेळा बाहेरून आणतो. तीस कॉम्प्युटरांची लॅब धरा. प्रत्येकाला ४०० एमबीचे अपडेट आले तर १२ जीबी उतरवायचे. ५० एमबीपीएसची लाइन अगदी पूर्ण वेगाने चालली तरी अर्ध्या तासाच्या वर वेळ जातो, आणि तेवढा वेळ शाळेच्या ऑफिसात एक पानही धड उघडत नाही. मग कुणीतरी वैतागून ऑटोमॅटिक अपडेट बंद करतं. खरं नुकसान तिथून सुरू होतं, कारण ते परत सुरू करायची आठवण कुणालाच राहत नाही. आपल्या नेटवर्कमध्ये एक साठा असेल तर ते ४०० एमबी बाहेरून एकदाच येतात आणि पुढे स्विचमधून सगळीकडे पोचतात.

पूर्ण मिरर ठेवावा की कॅशे?

दहा-वीस-पन्नास कॉम्प्युटर असतील तर कॅशे. यावर मी ठाम आहे.

पूर्ण मिरर म्हणजे मूळ रेपॉजिटरीची जशीच्या तशी प्रत. उबुंटूच्या एका रिलीजची, एकाच आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकाराची), मेन आणि युनिव्हर्स हे भाग मिळून प्रत शंभर जीबीच्या बरीच वर जाते. त्यातली बहुतेक पॅकेजं तुमच्या लॅबमध्ये कधीच कुणी बसवणार नाही, तरी त्यांचे अपडेट रोज उतरत राहतात. कॅशे मात्र कुणीतरी मागितलेली फाइलच आणतो आणि पुढच्या मागणाऱ्यासाठी ठेवून देतो. डिस्क कमी लागते, देखभाल जवळजवळ नसते, आणि साठा शिळा होण्याचा धोका फार कमी, कारण यादी ताजी आहे का हे तो मूळ सर्व्हरला विचारून घेतो.

मिरर दोन परिस्थितींत योग्य ठरतो. जिथे कॉम्प्युटरांना बाहेरचं नेट द्यायचंच नाही, आणि जिथे नेट वारंवार दिवसच्या दिवस जातं.

कॅशे बसवायचा तर सुरुवात कुठून करायची?

डेबियन किंवा उबुंटूचा कुठलाही जुना पण धडधाकट कॉम्प्युटर घ्या, त्याला राउटरमधून कायमचा आयपी पत्ता द्या आणि त्यावर एपीटी-कॅशर-एनजी हे पॅकेज बसवा (एपीटी म्हणजे डेबियन-उबुंटूत पॅकेजं आणून बसवणारी कमांड). ते ३१४२ या पोर्टवर ऐकत राहतं. सर्व्हरच्या बाजूचं काम एवढंच.

बाकी प्रत्येक कॉम्प्युटरवर /इटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये ०१प्रॉक्सी नावाची एक फाइल करून त्यात एक ओळ लिहायची:

अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१४२";

शेवटचा अर्धविराम विसरू नका. तो नसेल तर एपीटी ती फाइल वाचायलाच नकार देतं. पत्ता अर्थात तुमच्या सर्व्हरचा. मग एपीटी अपडेट चालवा. सोर्सेसच्या, म्हणजे रेपॉजिटरींचे पत्ते असलेल्या, फाइलींना हात लावायची गरज नाही, आणि कॅशे काढून टाकायचा तर ही एक फाइल पुसली की झालं. कॅशे खरंच कामाला येतोय का, हे ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ३१४२ आणि पुढे /एसीएनजी-रिपोर्ट.एचटीएमएल उघडून पाहता येतं. किती डेटा बाहेरून आला आणि किती साठ्यातून दिला गेला, ते तिथे दिसतं. मुख्याध्यापकांना किंवा शेठना खर्च पटवायचा असेल तेव्हा हे पान दाखवा.

कॅशे लावल्यापासून काही रेपॉजिटरी ४०३ अशी एरर देतात.

त्या एचटीटीपीएसवरच्या असणार. एपीटी एचटीटीपीची प्रॉक्सी (मधला सर्व्हर) एचटीटीपीएसलाही लावतं, आणि कॅशर एचटीटीपीएसचा बंद बोगदा (आतलं न दिसणारी जोडणी) नेहमीच्या सेटिंगमध्ये पुढे जाऊ देत नाही. त्या रेपॉजिटरींना थेट जाऊ द्यायचं असेल तर त्याच ०१प्रॉक्सी फाइलमध्ये अक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी "डायरेक्ट"; ही आणखी एक ओळ घाला. त्यातला डायरेक्ट हा शब्द मोठ्या अक्षरांत. या रेपॉजिटरींची पॅकेजं मात्र साठवली जाणार नाहीत. उबुंटू आणि डेबियनचे मूळ सोर्स एचटीटीपीवर ठेवले तर मोठा वाटा तरीही कॅशेतूनच येतो.

एचटीटीपी? म्हणजे कुलूप नसलेलं? ते सुरक्षित कसं? आणि आपल्याच सर्व्हरवरून आलेलं पॅकेज खरं कशावरून?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून याला जास्त जागा देतो.

एपीटीचा विश्वास सर्व्हरवर नसतो, सहीवर असतो. एपीटी अपडेट चालवलं की आधी इनरिलीज नावाची फाइल येते. तिच्यावर वितरणाच्या जीपीजी कीची (डिजिटल सही करायच्या किल्लीची) सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजेस या यादीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) असतो, आणि त्या यादीत प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे पॅकेजचा, हॅश. सहीपासून फाइलपर्यंत अशी एकाला एक जोडलेली साखळी आहे. मधल्या कुणी, तुमच्या कॅशे-सर्व्हरनेसुद्धा, डेब फाइलमधला एक बाइट बदलला तरी हॅश जुळत नाही आणि एपीटी ती बसवत नाही.

सयाजीराव महाराजांच्या काळी, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या देखरेखीखाली बडोद्याची ग्रंथालय-व्यवस्था उभी राहू लागली आणि मध्यवर्ती ग्रंथालयाकडून फिरत्या ग्रंथपेट्या गावोगावी जाऊ लागल्या. पेटी कोणत्या वाटेने गावात पोचली यावर आतल्या पुस्तकांचा खरेपणा ठरत नसे. सोबतची यादी मध्यवर्ती ग्रंथालयाची असली आणि आतली पुस्तकं यादीबरहुकूम भरली की पुरे. लोकल रेपॉजिटरीचं तसंच आहे.

एचटीटीपीत दोन उणिवा मात्र राहतात. तुम्ही कोणतं पॅकेज उतरवताय हे मधल्याला दिसतं. आणि एपीटीतच दोष निघाला तर साखळीला बाजूने वाट फुटू शकते. जानेवारी २०१९ मध्ये असा दोष खरोखर सापडला होता: रीडायरेक्ट हाताळण्यातल्या चुकीमुळे मधल्या माणसाला बनावट पॅकेज गळी उतरवता येत असे. दुरुस्ती लगेच आली, पण ती ज्यांनी वेळेवर घेतली त्यांच्याच कामाची.

मग अनेक ठिकाणी "ट्रस्टेड=येस" किंवा "जीपीजीचेक=०" टाका असं का सांगतात?

कारण त्याने सहीची तपासणी बंद होते आणि एरर जाते. पण त्याच ओळीने वर सांगितलेली सगळी साखळी तुटते, आणि पॅकेज तर रूटच्या (मुख्य व्यवस्थापकाच्या) अधिकाराने बसतं. लॅबच्या वाय-फायवर बसलेला कुणीही मग तुमचा सर्व्हर असल्याचं सोंग करून हवं ते प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवू शकतो. अधिकृत रेपॉजिटरीची प्रत असेल तर ही ओळ लागायचं काही कारणच नाही. सही प्रतीबरोबर आलेली असते. ती जुळत नसेल तर प्रत अर्धवट आहे किंवा की बसलेली नाही, आणि ते शोधून काढायचं. कृपा करून तपासणी बंद करू नका.

मिररच करायचा आहे. कसा?

उबुंटू-डेबियनसाठी एपीटी-मिरर किंवा डेबमिरर. एपीटी-मिररची फाइल /इटीसी/एपीटी/मिरर.लिस्ट ही, तिच्यात कोणतं रिलीज, कोणते भाग आणि साठा कुठे ठेवायचा ते लिहायचं. वेगळं काही लिहिलं नाही तर साठा /व्हार/स्पूल/एपीटी-मिररमध्ये जातो, म्हणून ती जागा वेगळ्या मोठ्या डिस्कवर माउंट करा. रूटचंच पार्टिशन भरलं तर सर्व्हरच अडेल. रात्री चालेल असा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. नंतर अपाचे किंवा एनजिनएक्समधून तो फोल्डर नेटवर्कवर उघडा.

क्लायंटवर, म्हणजे अपडेट घेणाऱ्या कॉम्प्युटरवर, उबुंटू २४.०४ (नाव नोबल) पासून सोर्सेसची पद्धत बदलली आहे. जुन्या सोर्सेस.लिस्टमध्ये आता फक्त एक टिप्पणी असते आणि खरी माहिती /इटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस या फाइलमध्ये अशी असते:

टाइप्स: डेब
यूआरआयज: एचटीटीपी://१९२.१६८.१.१०/उबुंटू
स्वीट्स: नोबल नोबल-अपडेट्स नोबल-सिक्युरिटी
कंपोनंट्स: मेन युनिव्हर्स
साइन्ड-बाय: /यूएसआर/शेअर/कीरिंग्ज/उबुंटू-आर्काइव्ह-कीरिंग.जीपीजी

त्या फाइलमध्ये मुळात दोन परिच्छेद असतात, दुसरा सिक्युरिटीचा. पहिल्यातला पत्ता बदलून दुसरा तसाच सोडणारे पुष्कळ भेटतात; मग अर्धी मागणी अजूनही बाहेर जाते आणि नेट नसलं की एरर येते. वरच्यासारखं नोबल-सिक्युरिटी पहिल्यातच घेतलं असेल तर दुसरा परिच्छेद काढून टाका. डेबियनची गोष्ट वेगळी: तिथे सुरक्षेचं आर्काइव्ह मुळातच स्वतंत्र आहे, त्याचा वेगळा मिरर करावा लागतो. तो राहून गेला तर सगळं सुरळीत दिसतं, एकही एरर येत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट मात्र येतच नाहीत. याहून वाईट अवस्था दुसरी नाही.

"हॅश सम मिसमॅच" सारखं येतं. फाइल खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. मिरर मूळ सर्व्हरशी जुळवून घेत असतानाच क्लायंटने विचारलं, की त्याला नवी इनरिलीज आणि जुनी पॅकेजेस यादी मिळते आणि हॅश जुळत नाही. काम संपल्यावर परत चालवा, जातं. स्वतः आरसिंकने (फाइली जुळवून आणणाऱ्या कमांडने) मिरर करत असाल तर क्रम पाळा: आधी पूल फोल्डरमधली पॅकेजं, मग डिस्ट्समधल्या याद्या, आणि जुनी पॅकेजं पुसायचं काम सर्वांत शेवटी. म्हणजे यादीत आहे पण फाइल नाही अशी वेळ येत नाही.

"रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" म्हणजे काय?

तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. जुन्या लॅबमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, लाइट गेली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, आणि आज सही झालेली फाइल त्या कॉम्प्युटरला उद्याची वाटते. सेल बदला, सीआर-२०३२ बहुतेक ठिकाणी चालतो. सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारं पॅकेज) बसवून लॅबला तिथूनच वेळ द्या. उलट बाजूची एरर, म्हणजे फाइलची मुदत संपली अशी, डेबियनच्या सुरक्षा-शाखेत येते, कारण तिथल्या रिलीज फाइलवर व्हॅलिड-अंटिल ही तारीख असते. ती एरर आली तर आधी घड्याळ पुढे गेलंय का ते पाहा. ते बरोबर असेल तर तुमचा मिरर शिळा झालाय. मुदत तपासणं बंद करायची सोय एपीटीत आहे, पण ती वापरलीत तर मिरर बंद पडल्याचं सांगणारी एकमेव घंटा तुम्हीच काढून टाकता.

मिरर ताजा आहे हे कसं कळणार?

रिलीज फाइलमध्ये डेट नावाची ओळ असते. अपडेट्स आणि सिक्युरिटीच्या शाखांची ती तारीख मूळ सर्व्हरवरच्या तारखेशी ताडून पाहा. आठवड्यातून एकदा हे करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि फरक पडला तर मेल येईल असं करा. हे करायला कुणी नसेल, तर मिरर ठेवूच नका. थेट नेटवरून हळू येणारा अपडेट शिळ्या मिररपेक्षा चांगला, कारण शिळ्या मिररवर "सर्व पॅकेजेस अद्ययावत" असंच दिसतं आणि आपण निश्चिंत बसतो.

एकाच लॅबमध्ये काही कॉम्प्युटरांना अपडेट आले, काहींना नाही. मिररमध्ये घोळ आहे?

उबुंटूवर असाल तर घोळ नाही. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. आधी थोड्या कॉम्प्युटरांना, तक्रारी आल्या नाहीत तर मग बाकीच्यांना. २१.०४ पासून एपीटीही ते पाळतं, आणि कुणाचा नंबर कधी लागायचा हे कॉम्प्युटरच्या मशीन-आयडीवरून ठरतं. सुरक्षेचे अपडेट यात अडकत नाहीत. काही दिवसांत बाकीचेही येतात. आता एक उलटी शक्यता: एकाच डिस्कची प्रत काढून सगळे कॉम्प्युटर तयार केले असतील तर सगळ्यांचा मशीन-आयडी एकच असतो आणि सगळी लॅब एकाच दिवशी बदलते. तो आयडी प्रत्येकावर वेगळा करून घ्या. डीएचसीपीचेही (आयपी पत्ते आपोआप वाटण्याचेही) काही विचित्र त्रास त्याने मिटतात.

फायरफॉक्स मात्र कॅशेतून येत नाही.

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजच्या रूपात येतो. एपीटीतलं त्याचं पॅकेज नुसतं वाट दाखवणारं असतं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक एपीटीच्या वाटेने येतच नाहीत. डेबियनवर फायरफॉक्स-ईएसआर साध्या डेब पॅकेजच्या रूपात येतो आणि तो कॅशेत बसतो. नवी लॅब उभी करताना हा मुद्दा मी डेबियनच्या बाजूने धरतो.

आम्ही रॉकी किंवा अल्मा वापरतो.

इथे एपीटीच्या जागी डीएनएफ आणि डेबच्या जागी आरपीएम. मिरर काढायला डीएनएफ रिपोसिंक. बरोबर डाउनलोड-मेटाडेटा हा पर्याय द्यायचा, म्हणजे मूळच्या याद्या जशाच्या तशा येतात. बेसओएस आणि अ‍ॅपस्ट्रीम या दोन्ही मूळ रेपॉजिटरी घ्या, एकाने भागत नाही. स्वतःची आरपीएम पॅकेजं असतील तर क्रिएटरेपो-सी चालवा, ते रेपोडेटा फोल्डर तयार करतं. अधिकृत प्रतीवर ते परत चालवू नका: आठव्या आवृत्तीच्या अ‍ॅपस्ट्रीममधली मॉड्यूलची माहिती त्यात निघून जाऊ शकते.

क्लायंटवर /इटीसी/यम.रिपोज.डी मधल्या फाइलींत मिररलिस्टची ओळ टिप्पणी करून बेसयूआरएलमध्ये आपला पत्ता लिहायचा. जीपीजीचेक १ च राहू द्या. इथे सही प्रत्येक आरपीएमवर असते, यादीवर नव्हे, त्यामुळे मूळ पॅकेजं आपल्या सर्व्हरवरूनही तपासून घेता येतात. बदल दिसत नसेल तर डीएनएफ क्लीन मेटाडेटा; डीएनएफ जुनी यादी काही काळ धरून ठेवतं. वेब-सर्व्हर ४०३ देत असेल तर फाइली एमव्ही कमांडने हलवल्या का ते आठवा. त्या जुनं एसईलिनक्स-लेबल (परवानगीची खूण) घेऊनच येतात. रिस्टोरकॉन चालवलं की सुटतं.

सेंटओएस ७ चा सर्व्हर आहे. त्याची लोकल प्रत ठेवून चालवत राहू का?

त्याचा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. व्हॉल्टमधून (सेंटओएसच्या जुन्या साठ्यातून) जुनी पॅकेजं मिळतात, प्रतही ठेवता येते, पण त्यात नवा सुरक्षा-अपडेट कधीच येणार नाही. स्थलांतर करेपर्यंतची सोय म्हणून ठीक. तोवर तो सर्व्हर इंटरनेटकडे उघडा ठेवू नका.

आमची स्वतःची काही पॅकेजं आहेत: प्रिंटरची सेटिंग, फॉन्ट वगैरे. ती कशी द्यायची?

आधी पाहा, ते वितरणात आहे का. देवनागरीचा लोहित फॉन्ट, गुजरातीचा लोहित, लिब्रेऑफिसची मराठी भाषा हे सगळं डेबियन-उबुंटूत तयार मिळतं. खरंच स्वतःचं असेल तर रेप्रेप्रो (स्वतःची रेपॉजिटरी बनवणारं पॅकेज) वापरा. आपली जीपीजी की करा, तिने रेपॉजिटरीवर सही करा, सार्वजनिक की क्लायंटवर /इटीसी/एपीटी/कीरिंग्जमध्ये ठेवा आणि साइन्ड-बायमध्ये तिचाच रस्ता लिहा. एपीटी-की ही जुनी कमांड टाळा. तिने घातलेली की सगळ्याच रेपॉजिटरींसाठी चालते, म्हणजे तुमच्या कीने उबुंटूच्या नावावरचं पॅकेजही खपलं असतं. अनअटेंडेड-अपग्रेड्स या आपोआप अपडेट घेणाऱ्या पॅकेजने तुमची पॅकेजंही आपोआप घ्यावीत असं वाटत असेल तर त्याच्या परवानगीच्या यादीत तुमच्या रेपॉजिटरीचा ओरिजिन वाढवावा लागतो.

पादरा गावाकडच्या एका शाळेत नेट जवळजवळ नाहीच. तिथे?

एपीटी-ऑफलाइन. शाळेतल्या कॉम्प्युटरवर त्याची सेट ही कमांड चालवून काय हवं त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, वडोदऱ्यात नेट असलेल्या कॉम्प्युटरवर गेट चालवून सगळं एका झिपमध्ये बांधा, परत जाऊन इन्स्टॉल. एका कॉम्प्युटरसाठी उत्तम. दहा असतील तर मिररची प्रत हार्ड डिस्कवर नेऊन तिथल्याच एका कॉम्प्युटरवर मांडा.

पुरात आणि उत्तरायणात नेट जातं तेव्हा काय?

मिरर असेल तर लॅब आपली चालू राहते. नवं काही येत नाही, पण बिघडलेला कॉम्प्युटर परत उभा करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरलं. त्यानंतर एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो: हा सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका, आणि यूपीएस तर जमिनीवर मुळीच नको. कॅशे असेल तर फक्त आधी कुणीतरी मागवलेली पॅकेजंच हाताशी असतात.

सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचे अपडेट थांबतात का?

साध्या प्रॉक्सीने हो. प्रॉक्सी सापडली नाही तर एपीटी आपणहून थेट बाहेर जात नाही. मिररच्या बाबतीत एपीटीची मिरर+फाइल ही पद्धत वापरा: एका साध्या मजकूर-फाइलमध्ये आपला सर्व्हर आणि बाहेरचा, दोन्ही पत्ते प्राधान्यासह लिहिता येतात.

कॅशेसाठी, आणि घरी नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपसाठी तर खासच, ऑटो-एपीटी-प्रॉक्सी हे पॅकेज बसवून ०१प्रॉक्सी फाइल काढून टाका. ते दर वेळी आसपास कॅशे आहे का ते शोधतं. गेटवेवरच कॅशर चालत असेल तर त्याला आपोआप सापडतो, नाहीतर लोकल डीएनएसमध्ये एक एसआरव्ही नोंद (सेवा कुठे आहे ते सांगणारी) घालावी लागते. कॅशे सापडला तर तिथून, नाही सापडला तर थेट नेटवरून. लॅपटॉप मांजलपूरच्या घरी उघडला तरी एपीटी अडत नाही, आणि सकाळी क्लासमध्ये लावला की पुन्हा कॅशेवरूनच घेतो.